शिल्लक शून्य

६ जानेवारी, सोमवार

वाचनालयात एकतीस वर्षं मी दुसऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांना नंबर दिले. निवृत्त होऊन पाच आठवडे घरी बसले आणि आज सहाव्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी धाकटा भाऊ न्यायला आला. त्याला घरात सगळे धाकटाच म्हणतात. आता पन्नाशीला टेकला, तरी त्यातून सुटका नाही.

त्याचं गोदाम मी यापूर्वी फक्त उद्घाटनाला पाहिलं होतं. पत्र्याचं छप्पर, दोन्ही बाजूंना लोखंडी रॅक, दाराशी एक टेबल आणि त्यावर झाकून ठेवलेला कॉम्प्युटर. उंचावर काम करणाऱ्या लोकांना लागणारा माल इथून जातो. हेल्मेट, हातमोजे, दोर, हुक आणि सेफ्टी बेल्ट.

"सॉफ्टवेअर घेऊन सहा महिने झाले. अजून कुणी उघडलेलं नाही," धाकटा म्हणाला. "ताई, तुझा जन्म नंबर लावण्यात गेला. इथेही तेच आहे. फक्त वाचत कुणी नाही."

गोदामात आणखी एक माणूस आहे, मामा. कुणाचे मामा ते कुणालाच माहीत नाही. बावीस वर्षं धाकट्याकडे आहेत, त्याआधी उंच इमारतींना दोरावर लटकून रंग देत. मला बघून त्यांनी एक खुर्ची पुसून दिली आणि आपल्या कामाला गेले.

९ जानेवारी, गुरुवार

सॉफ्टवेअर कंपनीची मुलगी शिकवायला आली होती. फार भरभर बोलते. वस्तूचं नाव, कोड, रॅक, नग आणि बॅच नंबर, हे सगळं आत भरायचं. ज्या रकान्यापुढे लाल चांदणी आहे तो रिकामा सोडला तर सॉफ्टवेअर पुढे जाऊ देत नाही.

"बॅच नंबर कशाला?" मी विचारलं.

"कंपनीने एखादा खराब माल परत मागवला, तर नेमका कुठला ते कळतं."

"असं किती वेळा होतं?"

"ते मला नाही माहीत. मी फक्त शिकवते."

प्रामाणिक मुलगी आहे. चहा घेतला नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज सेफ्टी बेल्ट संपवले. सेहेचाळीस खोकी, एका खोक्यात दहा. आठ दिवस मी आणि मामा मोजणी करतो आहोत. ते लेबल वाचतात, मी भरते. पण ते वाचतात म्हणजे सगळंच वाचतात, कंपनीच्या पत्त्यासकट. दुपारी तीनपर्यंत जेमतेम दोर आणि हुक झाले होते.

मग मला युक्ती सुचली. पहिल्या ओळीत बॅच नंबर भरायचा, ४४१, आणि माउसने त्या चौकटीचा कोपरा धरून खाली ओढायचं. सेहेचाळीस ओळी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच भरल्या. वाचनालयात ही सोय असती तर माझी निम्मी नोकरी वाचली असती.

मामा रॅकपाशी उभे राहून सांगत होते, "ताई, या मागच्या खोक्यांवर नंबर वेगळा आहे." मी हो हो म्हटलं. माझे नग जुळत होते.

साडेपाचला सगळं आत गेलं होतं. धाकटा खूश. "मामांवर सोडलं असतं तर वर्ष लागलं असतं!" मामा तिथेच होते. हसले नाहीत. त्यांचा सॉफ्टवेअरवर राग दिसतो. या वयात माणसाला नवीन काही नको असतं. (ते माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे आहेत, हे आज कळलं.)

११ फेब्रुवारी, मंगळवार

महिना होऊन गेला. माल बाहेर गेला की जावक नोंदवायची, शिल्लक आपोआप कमी होते. धाकट्याने आज दोन व्यापारी मित्रांना आणून माझ्यामागे उभं केलं. "विचारा काहीही! हिरवे हातमोजे, मोठा साइज?" मी बटण दाबलं. बासष्ट जोड. त्यातल्या एकाने खरंच जाऊन मोजले. बासष्टच होते. धाकट्याची छाती अशी फुगली की जणू हातमोजे त्यानेच विणले आहेत.

मलाही बरं वाटलं. वाचनालयात शेवटची दहा वर्षं कुणी काही विचारायला येत नव्हतं.

सुट्या ग्राहकाची एक अडचण होती. नाव आणि फोन नंबर, दोन्हीला लाल चांदणी आहे. दाराशी उभा राहून हातमोज्यांचा एक जोड नेणाऱ्या माणसाला कुठे नाव-गाव विचारत बसायचं? मी नावाच्या जागी "रोख ग्राहक" लिहिते आणि फोनच्या जागी दहा वेळा नऊ. चालतं.

३ मार्च, सोमवार

मामांशी थोडी बाचाबाची झाली. ते अजूनही रोज सकाळी पेन्सिल घेऊन रॅकमधून फिरतात.

मी म्हटलं, "मामा, स्क्रीनवर सगळं आहे की."

"स्क्रीनवर आहे. रॅकवर आहे का ते बघतो."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?"

"विश्वास आहे म्हणून तर तुमच्या आधी येऊन बघतो," ते म्हणाले. याचा अर्थ मला लागला नाही. संध्याकाळी धाकट्याला सांगितलं, तर म्हणाला, "अगं, फिरू दे. पाय मोकळे होतात त्यांचे."

८ एप्रिल, मंगळवार

बेल्ट बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. बॅच नंबर ४३८ परत मागवली आहे. हुक अडकवल्यावर त्याचं तोंड आपोआप बंद व्हायला हवं, ते या बॅचमध्ये कधीकधी उघडंच राहतं. एका ठिकाणी एक कामगार पडला आहे. त्याचं पुढे काय झालं ते पत्रात नाही.

धाकटा माझ्या टेबलाशी आला. "बघ बरं, आपल्याकडे आहे का."

मी ४३८ टाइप केलं. आवक शून्य. जावक शून्य. शिल्लक शून्य.

"सुटलो!" तो म्हणाला आणि तिथेच उभ्याउभ्या कंपनीच्या फॉर्मवर "आमच्याकडे या बॅचचा माल नाही" असं लिहून सही केली. मामा दोर गुंडाळत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पोस्टाचं काम मीच करते. फॉर्म पाठवला.

९ एप्रिल, बुधवार

तीन वेळा बेल्टच्या रॅककडे जायला निघाले आणि तिन्ही वेळा मध्येच दुसरं काम निघालं. एकदा तर ते काम मीच काढलं.

४३८ आपल्याकडे आली नसेलही. दर वेळी सगळ्याच बॅच येतात असं थोडंच आहे?

१० एप्रिल, गुरुवार

सकाळी सगळ्यांच्या आधी गेले. म्हणजे मामांच्या आधी जायचं होतं, पण ते आलेले होते.

रॅकवर पुढच्या ओळीत ४४१, मधल्या ओळीत ४४१ आणि ४४०. मागच्या ओळीत तीन खोक्यांची जागा रिकामी. सॉफ्टवेअरप्रमाणे तिथे माल असायला हवा.

"ती मी काढून ठेवली आहेत," मामा मागून म्हणाले. पॅकिंगच्या टेबलामागे फाटक्या ताडपत्रीखाली तीन खोकी होती. ४३८, ४३८, ४३८.

"कधी काढलीत?"

"परवा. शून्य आलं तेव्हा."

"धाकट्याला सांगितलंत?"

"नाही."

"का नाही?"

"तुम्ही त्याची थोरली बहीण. मी सांगितलं असतं तर चुगली झाली असती. म्हटलं, आज दुपारपर्यंत वाट बघावी."

"आणि दुपारनंतर?"

"चुगली केली असती."

मी विचारलं, मोजणीच्या दिवशी अशी किती खोकी होती. पाच, ते म्हणाले. घाऊक व्यापाऱ्याच्या चलनावरही पाच. म्हणजे दोन बाहेर गेली. वीस बेल्ट.

धाकटा साडेनऊला आला. मी त्याला बसूही दिलं नाही. "ते शून्य खोटं आहे," मी म्हणाले. "बॅच नंबर मी वाचून भरलेच नव्हते. पहिला भरला आणि खाली ओढला."

"खाली ओढला म्हणजे?"

मी त्याला स्क्रीनवर ओढून दाखवलं. सेहेचाळीस ओळी भरताना तो बघत राहिला.

"मी सही केली ना गं," तो म्हणाला. एवढंच. मी बोलणी खायची तयारी करून गेले होते, ती तशीच राहिली.

त्याने कंपनीला फोन करून आधीचं उत्तर रद्द केलं आणि नवं पत्र लिहायला घेतलं. "चूक आमची आहे" असं त्यात लिहिलं. "आमच्या बहिणीची" असं लिहिलं नाही. मी वाचून पाहिलं.

११ एप्रिल, शुक्रवार

जावक मात्र खरी आहे. तिथे मी काही ओढलं नव्हतं. जानेवारीपासून एकशे अठरा बेल्ट बाहेर गेले, त्यातले एकशे सतरा सहा ठेकेदारांकडे आणि एक सुट्या ग्राहकाकडे. धाकट्याने सहाही जणांना फोन केले. तिघे म्हणाले, "बघतो." दोघांनी उचलला नाही. सहावा पाच मिनिटांत उलट फोन करून म्हणाला, "आमचे सगळे ठीक आहेत."

"लेबलं पाहिलीत?"

"लेबलं कशाला? बेल्टही धडधाकट आहेत आणि माणसंही."

"हे असं होणार नाही. जावं लागेल," मामा म्हणाले.

"मी जाते," मी म्हणाले. कुणीच नको म्हटलं नाही.

१२ एप्रिल, शनिवार

टेंपोत ड्रायव्हर, मी आणि मामा. मागे बदलून द्यायला नवे बेल्ट.

बेल्टचं लेबल पाठीवर शिवलेलं असतं, दोन खांद्यांच्या मध्ये. म्हणजे माणसाला पाठमोरं उभं करून वाचावं लागतं. पुस्तकाचा नंबरही पाठीवरच असतो, पण पुस्तकाला घाम येत नाही. पुष्कळ लेबलांवर रंगाचे, सिमेंटचे थर होते. मी ओल्या फडक्याने पुसून चष्मा कपाळावर चढवून वाचत होते. कामगारांना मोठी मौज वाटत होती. एक म्हणाला, "ताई, माझी मुदत कधी संपते तेही बघा जरा." सगळे खो-खो हसले.

त्याच्याच पाठीवर पहिला ४३८ निघाला. मामांनी त्याचा हुक हातात घेऊन एका लोखंडी गजाला अडकवला, काढला, अडकवला, काढला. सातव्या वेळी तोंड उघडं राहिलं. मग कुणी हसलं नाही. बाकीचे आपणहून रांगेत पाठमोरे उभे राहिले.

आज एक्केचाळीस पाहिले. सात निघाले.

टेंपोतून उतरताना मामांचा उजवा पाय आखडतो. ड्रायव्हर हात देतो, ते घेत नाहीत. दोरावरून पडले असतील कधीतरी.

१४ एप्रिल, सोमवार

काल रविवारीही गेलो. एकशे सतरा पूर्ण. तीन बेल्ट कामगार घरी घेऊन गेले होते, तेही मागवून पाहिले. एका ठेकेदाराने आधी आत सोडायला नकार दिला. मामा त्याला बाजूला घेऊन काहीतरी बोलले, मग सोडलं. काय बोललात, विचारलं तर म्हणाले, "त्याला म्हटलं, तू घाल हा बेल्ट आणि जा वर."

एकोणीस मिळाले. विसावा सुट्या ग्राहकाकडे असणार.

गोदामात येऊन त्याची नोंद काढली. २४ फेब्रुवारी. रोख ग्राहक. ९९९९९९९९९९.

मामा स्क्रीनकडे बघत म्हणाले, "हा कुणाचा नंबर?"

"कुणाचाच नाही."

धाकट्याने तरीही तो फिरवून पाहिला. फोन कानाला लावून तो बराच वेळ उभा होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

संध्याकाळी त्याच्याकडेच जेवायला थांबवून घेतलं. त्याची बायको मला वाढत म्हणाली, "ताई, अर्ध्या तासापासून तुम्ही तोच घास धरून बसला आहात." अर्धा तास नव्हता झाला. पाच-सात मिनिटं झाली असतील.

१५ एप्रिल, मंगळवार

शहराच्या जुन्या भागात हार्डवेअरच्या दुकानाशेजारी एक कोपरा आहे. दोरावर काम करणारी माणसं सकाळी तिथे उभी असतात, ज्याला गरज असेल तो येऊन घेऊन जातो. मामाही पूर्वी तिथे उभे राहत. आज आठ वाजता ड्रायव्हर, मामा आणि मी तिथे गेलो. आमच्या गोदामातून सुटा बेल्ट कुणी घेतला, असं मामांनी एकेकाला विचारलं.

"चष्मेवाल्याने घेतला होता," एकजण म्हणाला. "काचा पुसतो तो. आज बँकेच्या इमारतीवर आहे, मागच्या बाजूला."

पोहोचलो तेव्हा दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. तो नवव्या मजल्यावर होता. दोराला टांगलेली फळी, फळीवर तो, शेजारी बादली. खालून त्याच्या चपलांचे तळवे दिसत होते.

मी तोंडाशी हात नेला. मामांनी तो धरून खाली केला. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी धाकट्याला कधी हात लावला असेल असं वाटत नाही.

"हाक मारायची नाही. वरच्या माणसाला खालून हाक मारली की तो वळून बघतो."

"मग गच्चीवरून कुणाला तरी सांगू."

"तेही नाही. त्याला त्याच्या गतीने उतरू द्या. फळीचा दोर चांगला आहे, मी पाहिला. बेल्ट लागतो तो दोर सुटला तर."

"आणि सुटला तर?"

"रोज नाही सुटत."

इमारतीच्या भिंतीत दर मजल्याला एक लोखंडी कडी आहे. एक मजला पुसून झाला की तो फळी खाली घेतो, वरच्या कडीतून हुक काढतो आणि खालच्या कडीत अडकवतो. मी आठ वेळा पाहिलं. इतक्या लांबून हुकाचं तोंड बंद झालं की नाही ते दिसत नाही. एका मजल्याला साधारण बारा मिनिटं. आम्ही फुटपाथच्या कडेला बसलो होतो. पहारेकरी दोनदा येऊन विचारून गेला.

पाचव्या मजल्याच्या सुमारास मी विचारलं, "मामा, तुम्हालाही अशीच कुणी हाक मारली होती का? पायाचं..."

"छे! पाय टेंपोतून उतरताना मोडला. गोदामाच्या दारात. वरून मी कधी पडलो नाही."

बारा वाजून पंचवीस मिनिटांनी तो जमिनीवर आला. चाळिशीचा, किडकिडीत, चष्म्याच्या काड्या डोक्यामागे दोऱ्याने बांधलेल्या. मामांनी त्याला आधी पाणी दिलं, मग सांगितलं. तो पाठमोरा झाला. ४३८.

"हुक नीट बंद होतो का हो?" मी विचारलं.

"कधीकधी अडकतो. मी बोटाने दाबतो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"मग परत का नाही आणलात?"

"आणला होता," तो म्हणाला. "आठ-दहा दिवसांतच. तुम्हीच होता टेबलावर. तुम्ही कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणालात, तुमचं नाव यात नाही, इथून घेतला कशावरून?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. वेळ विचारल्यावर सांगावी तसं सांगितलं. म्हणाला, "तुम्ही कामात होता. मग मी म्हटलं जाऊ दे, वस्तू नवी आहे, हळूहळू सैल होईल."

मामा टेंपोकडे जाऊन नवा बेल्ट घेऊन आले. त्याला बसेपर्यंत पट्टे कमी-जास्त केले, हुक वीस वेळा अडकवून दाखवला. मी त्याचं नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहून घेतला आणि परत वाचून दाखवला. मग तो उरलेल्या बाजूच्या काचा पुसायला वर गेला.

मला हे काहीच आठवत नाही. तो खोटं बोलेल असंही वाटत नाही. घरी येऊन ही वही चाळली. ३ मार्चनंतर थेट ८ एप्रिल आहे. मधल्या दिवसांत लिहिण्यासारखं काही घडलं नाही, असं मला वाटलं असणार.

१६ एप्रिल, बुधवार

विसावा बेल्ट कंपनीला पाठवायच्या खोक्यात भरला. मग धाकट्याला कालचं सगळं सांगितलं, त्या माणसाला मी परत पाठवलं होतं तेसुद्धा. मी म्हटलं, तुला वाटत असेल तर मी उद्यापासून येत नाही.

तो पेनाचं टोपण काढत-घालत राहिला. म्हणाला, "सेहेचाळीस खोक्यांचे नंबर कोण दुरुस्त करणार मग? मला जमणार नाही, मामा कीबोर्डला हात लावत नाहीत." थोड्या वेळाने म्हणाला, "त्याचा नंबर घेतलास?"

"घेतला. खरा."

"मग फोन कर. नवा बेल्ट नीट लागतोय का विचार. आणि..." ते वाक्य त्याने पुरं केलं नाही, पण मला कळलं.

बारा वाजता फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, चार ओळी. माफी दुसऱ्या ओळीत होती. पाच-सहा वेळा वाजल्यावर त्याने उचलला. मी गोदामाचं नाव सांगितलं. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता.

"ताई, मी वर आहे आत्ता," तो म्हणाला. "खाली उतरलो की करतो."

मी लगेच फोन ठेवला. नंतर हातमोज्यांची एक आवक आली होती, तिची नोंद करायला घेतली, पण नग तीन वेळा चुकले.

एक वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला.

"हां ताई," तो म्हणाला. "उतरलो. आता बोला."